बेवड

मराठी समीक्षेने शेतीकडून शब्द उसने घेताना कधी संकोच केलेला नाही. आपण मनाच्या 'मशागती'विषयी बोलतो, कल्पना 'रुजते' असे म्हणतो, प्रतिभेला 'बहर' येतो, एखाद्या दशकात कथेचे 'पीक' येते आणि परक्या वाङ्मयप्रकाराचे मराठीत 'कलम' केले जाते. या यादीत एक शब्द मात्र आलेला माझ्या वाचनात नाही, आणि तो आला असता तर आपली पुष्कळ सोय झाली असती असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. तो शब्द म्हणजे 'बेवड'. एक पीक निघाल्यावर ते जमिनीला ज्या अवस्थेत मागे ठेवून जाते, तिला शेतकरी बेवड म्हणतात. मुगाचा बेवड रब्बी ज्वारीला मानवतो. वांग्याच्या बेवडावर टोमॅटो लावू नये. जमीन कधीच कोरी नसते, तिच्यात आधीच्या पिकाचे देणे-घेणे शिल्लक असते, एवढा सगळा विचार या तीन अक्षरांत आहे. वर्गात हा शब्द उच्चारला की मुले हसू लागतात, कारण शहरातल्या मुलांना त्याचा आकारान्त भाऊबंद तेवढा ठाऊक असतो. निफाड किंवा दिंडोरीकडून आलेली दोन-चार मुले मात्र हसत नाहीत.

मला हा शब्द सासूबाईंकडून मिळाला. त्या निफाड तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. सासरे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते आणि १९७९ साली त्यांनी गंगापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एक लहानसे घर बांधले. त्या वेळी आजूबाजूला मळे होते, नाशिकची महानगरपालिका व्हायची होती (ती १९८२ साली झाली), आणि पाणी विहिरीचे होते. घराच्या मागे चार वाफे होते, प्रत्येकी वीस फूट लांब व चार फूट रुंद. मोरीच्या पाण्यावर अळू, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता, कुंपणाला घेवडा. परसबागेविषयी आपल्याकडे जे स्मरणरंजन चालते, त्यात एवढे वर्णन नेहमी येते आणि तेथेच थांबते. परसात काय होते, हे सगळ्यांना आठवते. ते कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या शेजारी होते, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते सगळी बुद्धी त्या क्रमात आणि त्या शेजारात असते.

हा क्रम मला लेखी मिळाला, हे माझे भाग्य. सासूबाई २०१९ साली गेल्या. त्यानंतर माळा आवरताना सुतळीने बांधलेली दिनदर्शिकांची गुंडाळी सापडली. 'कालनिर्णय' १९७३ पासून निघते. आमच्या माळ्यावर १९८१ ते २०१८ पर्यंतची होती, मधली दोन वर्षे सोडून. मराठी घरांत भिंतीवरच्या या पानांवर काय काय लिहिले जाते ते वाचकांना ठाऊक आहे: दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कोणाचे बारसे, कोणाचे वर्षश्राद्ध. या नोंदींच्या गर्दीत, चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने एक-दोन अक्षरे आणि एक आकडा असे काही तरी जवळजवळ प्रत्येक महिन्यात होते. 'को २'. 'मे १'. 'मु ४'. कधी 'फु १/मे'. कधी नुसतेच 'निघाले ३'. आम्ही इतकी वर्षे त्या भिंतीसमोर जेवलो, पण ती अक्षरे कोणी वाचली नव्हती. दूधवाल्याचा हिशेब असेल असे सगळे धरून चालले होते.

साहित्याच्या अध्यापकाला जुनी संहिता लावून दाखवण्याची खोड असते. चार-पाच वर्षांची पाने जमिनीवर ओळीने मांडली तेव्हा लिपी उलगडली. अक्षर म्हणजे भाजी: कोथिंबीर, मेथी, मुळा, फ्लॉवर. आकडा म्हणजे वाफा. तिरप्या रेघेपुढचे अक्षर म्हणजे त्याच वाफ्यात, मधल्या जागेत पेरलेले दुसरे पीक. 'निघाले' म्हणजे वाफा मोकळा झाला. एवढे कळल्यावर तारखांकडे लक्ष गेले. कोथिंबिरीच्या दोन पेरण्यांमधले अंतर बहुतेक वेळा तेरा किंवा चौदा दिवसांचे होते. पंधरा नाही, बारा नाही. या नेमकेपणाचे कोडे मला बरेच दिवस सुटले नाही.

उत्तर त्याच पानावर छापलेले होते. सूर्य एका नक्षत्रातून दुसऱ्यात जातो त्या दिवसाची नोंद दिनदर्शिकेत असते. सत्तावीस नक्षत्रे आणि ३६५ दिवस. म्हणजे एका नक्षत्राच्या वाट्याला सरासरी साडेतेरा दिवस येतात. मृग जूनच्या ७-८ तारखेला लागते, आर्द्रा २१-२२ ला, आणि हस्त सप्टेंबरच्या अखेरीस. शेतकरी पावसाची नक्षत्रे तेवढी ध्यानात ठेवतो, कारण त्याला पेरणी एकदाच करायची असते. सासूबाई मात्र हिवाळ्याची आणि उन्हाळ्याचीही नक्षत्रे मोजत होत्या: अनुराधा, ज्येष्ठा, मूळ, श्रवण, धनिष्ठा. आकाशाचा पिकावर काही प्रभाव पडतो असे त्या म्हणत असल्याचे मला आठवत नाही. त्यांना साधारण पंधरवड्याचे एक माप हवे होते, आणि तिथींचा पंधरवडा अधिक महिन्यात घोटाळा करतो. सौर नक्षत्राचे माप तसे करत नाही. ते दर वर्षी त्याच तारखांच्या आसपास येते. पंचांगाचा इतका कोरडा आणि इतका कामाचा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हे माप कोथिंबिरीला नेमके बसते. धणे रगडून दोन फाकी करून पेरले तर आठ-दहा दिवसांत उगवतात आणि चाळीसेक दिवसांत कोथिंबीर काढण्याजोगी होते. म्हणजे दर नक्षत्राला वाफ्याचा एक तुकडा पेरला की कोणत्याही दिवशी एक तुकडा मातीत, एक कोवळ्या पानांवर आणि एक ताटात असतो. सगळे धणे एकाच दिवशी पेरले तर दहा दिवस कोथिंबिरीचा पूर येईल, मग ती फुलावर येईल आणि नंतर महिनाभर काहीच नाही. परसबागेतल्या क्रमवार पेरणीचे सारे शास्त्र इतकेच आहे: सगळे एकाच वेळी तयार होऊ द्यायचे नाही. सांगायला सोपे, करायला अवघड. कारण पाऊस पडून वाफसा आला आणि हातात बी असले की माणसाला सगळा वाफा भरून टाकावासा वाटतो. आज रिकामी दिसणारी जागा तशीच ठेवणे, तेरा दिवसांनंतरच्या स्वतःवर विश्वास ठेवणे, हे पेरण्यापेक्षा कठीण काम आहे.

तिरप्या रेघेचे गणित वेगळे होते. फ्लॉवरची रोपे दीड-दीड फुटावर लावतात, आणि पहिला महिनाभर त्यांच्या मधली जमीन उघडी असते. सासूबाई लावणीच्या दिवशीच तेथे मेथी फेकत. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, पंचवीस-तीस दिवसांत उपटायला येते. आणि ती उपटली जाईपर्यंत फ्लॉवरची पाने पसरून एकमेकांना लागायच्या बेतात असतात. उपटण्याने माती भुसभुशीत होते, तण निघते आणि एक खुरपणी वाचते. कोथिंबिरीच्या ओळीत अधूनमधून मुळ्याचे बी असे. मुळा चौथ्या दिवशी वर येऊन ओळ कोठे आहे ते दाखवतो, त्यामुळे अजून मातीखाली असलेल्या धण्यांवर खुरपे पडत नाही. मार्चमध्ये मांडवाखाली दोडक्याच्या बिया पडत. एप्रिलच्या शेवटी वेलाने मांडव झाकला की त्या सावलीत भरणी-कृत्तिकेतली कोथिंबीर, जी उघड्या उन्हात आठ दिवस टिकली नसती. प्रत्येक जोडीत एक सावकाश वाढणारा आणि एक लवकर निघून जाणारा असा मेळ होता. दोघे बरोबर राहत होते, कारण दोघांना जागा हवी ती वेगवेगळ्या वेळी.

सहजीवनाविषयी आपल्याकडे, विशेषतः सेंद्रिय शेतीवर लिहिताना, थोडे भाबडे लिहिले जाते. घेवडा किंवा चवळी शेजारच्या पिकाला नत्र पुरवते असे सांगतात. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडतात हे खरे; परंतु ते पीक जिवंत असेपर्यंत त्यातला फार थोडा भाग शेजाऱ्याला मिळतो. बहुतेक नत्र ते स्वतःच्या पानांत आणि दाण्यांत साठवते. मुळे कुजली, पाला मातीत गेला, की मग पुढच्या पिकाला त्याचा लाभ होतो. झेंडूचेही काहीसे तसेच. टोमॅटोच्या कडेला चार झेंडू लावण्यापेक्षा आधीच्या हंगामात त्या वाफ्यात दाट झेंडू घेतला, तर मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना अधिक आळा बसतो. आमच्याकडे पुष्य नक्षत्रात झेंडू लागे, दसरा-दिवाळीला त्याची तोरणे होत आणि त्याच वाफ्यात पुढे टोमॅटो. सासूबाईंना सूत्रकृमी हा शब्द ठाऊक नव्हता. 'झेंडूचा बेवड टमाट्याला चांगला,' एवढे त्या म्हणत. जिवंतपणी जे दिले जाते त्यापेक्षा निघून गेल्यावर जे मागे राहते ते जास्त, हा निष्कर्ष मला तेव्हा नुसता शेतीचा वाटला होता.

ही रीत काही केवळ आपली नाही. उत्तर अमेरिकेतील हौडेनोसौनी लोक मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत आणि त्यांना तीन बहिणी म्हणत: मक्याचा आधार घेवड्याला, भोपळ्याच्या पानांची सावली जमिनीला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या भोवतालचे भाजीवाले घोड्यांच्या लिदीच्या उबदार वाफ्यांवर मुळा, सॅलडची पाने आणि गाजर एकदमच पेरत आणि ती एकामागून एक काढत; क्रोपॉटकिनने त्यांच्या कसबाविषयी कौतुकाने लिहिले आहे. महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे कसे भागेल याचा विचार मांडला. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचे पुस्तक आजही वाचण्यासारखे आहे. दाभोळकर गणित शिकवणारे, आणि मोकळ्या जमिनीवर पडणारे ऊन म्हणजे वाया गेलेले उत्पन्न, असा त्यांचा हिशेबी दृष्टिकोन होता. सासूबाईंनी त्यांचे नाव ऐकलेले नव्हते. फ्लॉवरमधल्या उघड्या मातीकडे पाहून 'ऊन फुकट चाललंय' असे मात्र त्या म्हणत.

त्यांच्या माहेरी याच्या अगदी उलट व्यवहार होता, आणि तो आजच्या नाशिक जिल्ह्याचाही आहे. द्राक्षबाग म्हणजे वर्षाला एक पीक, एप्रिलची छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी, आणि सगळे भवितव्य काही आठवड्यांच्या हवेवर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा, आणि २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीतही, ज्यांच्या बागा गेल्या त्यांचे वर्ष गेले. कांद्याचे वेगळे. लासलगावच्या बाजारात सगळ्यांचा कांदा एकाच वेळी आला की भाव कोसळतो; गार न पडताही माणूस बुडतो. म्हणून पाच एकरवाल्याने परसबागेसारखी शेती करावी असा उपदेश करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. बाजाराला एका वाणाचा, एका आकाराचा, गाडीभर माल लागतो. चार भाज्यांच्या गुंतलेल्या वाफ्यातून तो निघत नाही, आणि मजुरी परवडत नाही. परसातली बुद्धी परसाच्या मापाची आहे. मात्र शेताने सगळे एकदम पणाला लावावे आणि परसाने काहीच एकदम पणाला लावू नये, हे दोन व्यवहार पूर्वी एकाच घरात शेजारी शेजारी नांदत होते. शेत पुरुषांचे आणि परस बायकांचे, अशी ती वाटणी होती. यांतल्या एकाच व्यवहाराचा इतिहास लिहिला गेला.

या टिपणांत एक वर्ष वेगळे आहे. १९९३ च्या श्रावणापर्यंत सर्व काही नेहमीप्रमाणे चालले होते: दर नक्षत्राला कोथिंबीर, पहिल्या वाफ्यात झेंडू, चौथ्यात वांगी. त्यानंतर नोंदींची घनता एकदम वाढते. पेरण्यांतले अंतर तेरा दिवसांवरून सात-आठ दिवसांवर येते. हिवाळ्यात 'फु' हे अक्षर नाही. जागा अडवून ठेवणारे, तीन महिने घेणारे कोणतेच पीक नाही. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, पुन्हा मेथी. पालकापुढे कापणीचे आकडे आहेत, एकाच पेरणीचे पाच-पाच. आणि बुधवारच्या चौकोनांत नुसतीच संख्या: १४, ११, १६, ९. अशा संख्या दुसऱ्या कोणत्याही वर्षी नाहीत. जून १९९४ नंतर त्या थांबतात. पुढच्या नक्षत्राला 'को १', त्याच्या पुढच्याला 'को २', असे सारे पूर्ववत सुरू होते.

माझे लग्न १९९८ सालचे, त्यामुळे मला संदर्भ लागेना. यजमानांना विचारले तेव्हा ते म्हणाले की त्या सुमारास बाबांच्या कारखान्याला टाळे होते, दहा-अकरा महिने. त्या वेळी ते बारावीला होते. अडचण होती, पण जेवणाची कधी ओढाताण झाल्याचे त्यांना आठवत नव्हते. पालेभाजी मात्र फार खाल्ली, असे म्हणून ते हसले. बुधवारच्या संख्यांचा अर्थ त्यांनाही सांगता आला नाही. तो थोरल्या नणंदबाईंकडून मिळाला, आणि तोही अर्धाच. नाशिकला गोदाघाटावर बुधवारी आठवडे बाजार भरतो. 'त्या वर्षी आई दर बुधवारी सकाळी गंगेवर जायची,' त्या म्हणाल्या, 'आम्हाला वाटायचं, दर्शनाला जाते. पिशवी मोठी असायची.' त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'जुड्या असतील.'

असतील. दिनदर्शिका याहून अधिक काही सांगत नाही, आणि मी तिच्याकडून अधिक वदवून घेऊ इच्छित नाही. सासऱ्यांना ठाऊक होते की नाही, घाटावर जुड्या मांडून बसताना ओळखीचे कोणी भेटले तर त्या काय म्हणाल्या, आठवड्याला चौदा जुड्यांचे किती पैसे आले, यांतले काहीही त्या चौकोनांत नाही. पण पेरण्यांची अंतरे आहेत, आणि ती खोटे बोलत नाहीत. पाच माणसांच्या घरात वर्षभर ताटात भाजी राहिली आणि मुलांना अडचणीचा सुगावा लागला नाही, याला कारण वाफ्यांचा तो क्रम होता. हे घडवणाऱ्या बाईने त्याविषयी पुढची पंचवीस वर्षे चकार शब्द काढला नाही. आम्हाला आत्मचरित्रे शिकवताना मौनाविषयी पुष्कळ बोलावे लागते. मी ते बऱ्यापैकी बोलत असे. सात दिवसांचे एक अंतर वाचताना माझ्याकडे त्याच्यासाठी कोणतीही परिभाषा नव्हती.

या वर्षातल्या आणखी एका नोंदीकडे मी पुनःपुन्हा जाते. होळीच्या सुमारास तिसऱ्या वाफ्यात चवळी आहे. तिच्या शेंगांची तोडणी आहे. आणि मेच्या अखेरीस, रोहिणी लागते त्या दिवसाच्या जवळ, लिहिले आहे: 'वेल ३ मध्ये गाडले.' घरात पगार येत नव्हता, प्रत्येक फुटातून जुडी काढायची गरज होती. तरीही एक वाफा त्यांनी जवळजवळ तीन महिने चवळीला दिला आणि शेवटी तिचा पाला मातीला परत केला. पुढच्या वर्षी काय होईल ते ठाऊक नसताना पुढच्या वर्षाच्या पिकासाठी बेवड करून ठेवला.

मात्र हे लिहिताना एक गोष्ट नजरेआड होऊ देता येत नाही. क्रमवार पेरणी म्हणजे रोजची हजेरी. याच पानांवर 'माहेर' असा शब्दही आहे, आणि त्यापुढे दिवस मोजता येतात. छत्तीस वर्षांच्या पानांत सासूबाई एका वेळी चार दिवसांहून अधिक माहेरी राहिल्याच्या नोंदी जवळजवळ नाहीत. आहेत त्या सगळ्या मेच्या उत्तरार्धातल्या, वाफे उन्हात तापायला ठेवलेले असताना, मृग लागायच्या आतल्या. त्यांचे माहेर पिकांच्या मधल्या जागेत पेरलेले होते. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात थंडीचा नीचांक नोंदवला गेला की वर्तमानपत्रात बातमी येते. ती वाचून त्या 'आमच्याकडे काय गारठा पडला असेल' असे म्हणत. आमच्याकडे म्हणजे निफाडला. पण त्या थंडीत त्या तेथे गेल्याची नोंद नाही, कारण हिवाळ्यात चारही वाफे भरलेले असत. आपण अशा कसबाचे कौतुक करतो तेव्हा त्याची किंमत कोणी कशातून चुकती केली हेही त्याच पानावर लिहिलेले असते.

आता सुरुवातीच्या शब्दाकडे येते. साहित्याच्या इतिहासात आपण 'प्रभाव' हा शब्द वापरतो आणि मग साम्ये शोधत बसतो: ही प्रतिमा त्याच्याकडून, हे वळण तिच्याकडून. बेवडाची कल्पना साम्य शोधत नाही. मुगानंतरच्या ज्वारीत मुगाची चव नसते. उलट, एकाच कुळातले पीक त्याच जागी पुन्हा आले तर आधीच्याचे रोग त्याला वारसाहक्काने मिळतात. म्हणून वांगे, टोमॅटो, मिरची आणि बटाटा यांनी एकमेकांमागून येऊ नये. १९६३ साली 'कोसला' आली आणि तिच्या भाषेच्या वळणावर पुढे कितीतरी कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, हे आपण सगळेच शिकवतो. त्यांतल्या बऱ्याच आज कोणी वाचत नाही. पण त्या कादंबरीने मराठी गद्याची जमीन भुसभुशीत केली, आणि तीत नंतर जे उगवले त्यातले सर्वांत सकस पीक तिच्यासारखे दिसत नाही. साम्यावरून त्याचा ऋणनिर्देश करता येणार नाही. बेवड म्हटले तर येईल. विद्यार्थ्यांना मी हे सुचवते, आणि पुढे म्हणते की ज्या स्त्रियांनी एकही ओळ छापली नाही त्यांच्या बोलण्याचाही बेवड मराठीत आहेच. तो कोणत्या संदर्भसूचीत शोधायचा हा प्रश्न मात्र माझ्याकडे अनुत्तरित आहे.

आमच्या घराचा करार यंदा झाला. येत्या दसऱ्यानंतर ते पाडून तेथे पाच मजल्यांची इमारत होईल. वाफ्यांच्या जागी तळघरातल्या वाहनतळाकडे जाणारा उतार आहे. घर तीन भावंडांचे आहे, प्रत्येकाच्या गरजा खऱ्या आहेत आणि या निर्णयावर माझी काही तक्रार नाही. बोलणी चालू असताना मी एकच मागणी केली: चारही वाफ्यांतली वरची नऊ इंच माती आम्हाला उचलू द्यावी. बांधकाम व्यावसायिकाने तेथल्या तेथे हिशेब केला. तीनशे वीस चौरस फूट, पाऊण फूट खोली, म्हणजे दोनशे चाळीस घनफूट; दोन ब्रास आणि वर थोडी. 'मॅडम, उलट माझा उचलायचा खर्च वाचला,' ते म्हणाले, आणि करारात ती ओळ घातली. चाळीस वर्षांच्या शेणखताची, गाडलेल्या वेलांची आणि उपटलेल्या मेथीच्या मुळांची ती माती कागदावर अडीच ब्राससुद्धा भरली नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीचे घर मखमलाबादला आहे. त्यांच्या द्राक्षबागेच्या बांधालगत, विहिरीजवळ, तिच्या आईला भाजीपुरती जागा करायची होती. तेथे खडक वर आलेला असल्याने माती हवीच होती. गेल्या महिन्यात त्या माती बघायला आल्या. चारही वाफ्यांच्या कडेने फिरल्या, मूठभर माती उचलून दाबली, पुन्हा सोडली, वास घेतला. घर कधीचे, वाफे कोणी केले, यांतले त्यांनी काही विचारले नाही. त्यांचा प्रश्न एकच होता.

'बेवड कशाचा आहे?'

मी सांगितले: तीन वाफ्यांत चवळी, एका वाफ्यात झेंडू.

'मग चवळीची माती वेगळी भरा,' त्या म्हणाल्या. 'तिच्यात पहिल्यांदा मेथी टाकू.'